जेरेचं घड्याळ

हे खरं आहे. पटत नसेल त्याने पुढे वाचू नये, माझी जबरदस्ती नाही.

ज्या बाईच्या बाबतीत हे घडलं ती माझ्या बायकोची थोरली बहीण. कासुबा तिचं नाव. ती थापा मारत नाही. थाप रचत बसायला लागणारा धीरच तिच्याकडे नाही.

साल २००९. ऑक्टोबरातला एक मंगळवार. जागा आमच्या कितवे शहराजवळची एक तांब्याची खाण, जमिनीखाली सहाशे मीटर. खाणीचं नाव सांगणार नाही, तिथे अजून आमची माणसं कामाला आहेत.

आणि वेळ रात्रीची नव्हती. भर दुपार होती. वर डोकं फोडणारं ऊन होतं...

खाली मात्र चोवीस तास अंधारच असतो.

कासुबा सुरुंगवाली होती. दगडात भोकं पाडायची, दारू ठासायची, वात पेटवून बाहेर यायचं. बाई खाली उतरली की तांबं रुसतं, असं म्हणणारे म्हातारे आमच्याकडे अजून आहेत. कासुबा मुद्दाम त्यांच्यासमोरूनच लिफ्टच्या पिंजऱ्यात चढायची आणि खाली जायची.

या कामाला मनगटावर घड्याळ लागतंच. दारूजवळ मोबाइल चालत नाही, तो वरच काढून घेतात. सुरुंगाची वेळ ठरलेली, दुपारी दीड. त्याच्या आत सगळ्यांनी बाहेर.

कासुबाने एका वर्षात तीन घड्याळं मोडली. तिसरं सोनेरी होतं. ते बघून योताम जेरे पोट धरून हसला.

जेरे हा दुसरा सुरुंगवाला. तो अंगोनी, कासुबा बेंबा. मीही अंगोनीच. आमच्या या दोन जमातींचं नातंच थट्टेचं आहे. एकमेकांना वाटेल ते बोलायचं आणि राग धरायचा नाही. मयताच्या घरीसुद्धा.

"माकडखाऊ, हे घड्याळ आहे की नवरीचा दागिना?" जेरे म्हणाला.

"उंदीरखाऊ, मग तू सांग कसलं घेऊ."

"काच कडेपेक्षा खोल बसलेली बघ. दगड लागला तर कडेला लागेल. पट्टा जाड कापडाचा घे. चामडं घामाने कुजतं, आणि स्टीलचा पट्टा कुठे अडकला तर हात घेऊन जातो. काटे जाड हवेत, अंधारात दिसणारे. पैसे द्यायच्या आधी दुकानदाराला सांग, हे बादलीत बुडवून दाखव. नाही म्हणाला तर सरळ चालती हो."

त्याने आपलं मनगट उलटं केलं. खाणीतले जुने लोक घालतात तसं, तबकडी आतल्या बाजूला. कड पार घासून गेलेली, पण काचेवर एक ओरखडा नाही.

"एकोणीस वर्षं झाली. एक मिनिट इकडचं तिकडे नाही."

"मेलास की मला दे."

"ये आणि घे!"

दोघंही हसले.

तीन आठवड्यांनी जेरे मेला.

आता एक नियम सांगतो, तो नीट लक्षात ठेवा. खाणीत अठरा नंबर आणि एकोणीस नंबर हे दोन बोगदे पाठीला पाठ लावून आहेत. मध्ये खडकाची पातळ भिंत. दोन्हींतून हवेचा एकच लोखंडी नळ जातो. वात पेटवण्याआधी त्या नळावर तीन ठोके मारायचे. म्हणजे, पलीकडे कुणी आहे का? कुणी असेल तर तोही तीन ठोके देतो. उत्तर आलं की वात पेटवायची नाही. मग किती का वाजेनात.

जेरे अठरा नंबरात होता. एकोणीसचा सुरुंग उडाला आणि मधली भिंत त्याच्या अंगावर आली.

एकोणीसचा मुकादम बा चिशिंबा. 'बा' आम्ही मानाने लावतो, म्हणून त्यालाही लावतोय. त्याने लिहून दिलं की सुरुंग बरोबर दीडला उडवला. आधी ठोके दिले होते, उत्तर आलं नाही. जेरेचं घड्याळ वीस मिनिटं मागे असणार, म्हणून तो आत राहिला.

ऑफिसनेही तेच मान्य केलं. चूक जेरेची. तसा कागद खाणीच्या फाटकावरच्या फळ्यावर लावला, सगळ्यांनी धडा घ्यावा म्हणून.

त्या दुपारी तीन वाजता गावात फुटबॉलची मोठी मॅच होती. चिशिंबा पहिल्या रांगेत बसला होता. हे मात्र फळ्यावर लावलं नाही.

मयताला कासुबा गेली. थट्टेच्या नात्यातल्या माणसाचं तिथे कामच असतं, रडणाऱ्यांना हसवायचं. शवपेटीवर हात आपटून ती ओरडली, "ऊठ रे आळशा! कामाची पाळी सुरू झाली!" जेरेची बायको रडता रडता हसली.

मयताची एखादी वस्तू पळवायचाही आम्हाला हक्क असतो. पेटीवर जेरेचं घड्याळ ठेवलं होतं. कासुबाने ते उचललं.

"जिथे चाललास तिथे तुला वेळ विचारायला कुणी येत नाही," ती म्हणाली, आणि तिने तबकडी बघितली.

घड्याळ चालू होतं...

घरी येऊन तिने ते रेडिओशी लावून पाहिलं. संध्याकाळी सातच्या बातम्यांआधीची शेवटची पिप वाजली तेव्हा मिनिटकाटा बरोबर बारावर होता. दुसऱ्या दिवशीही. आठवडाभर रोज.

मग ते मागे होतं कधी?

ती तडक चिशिंबाकडे गेली. "बा चिशिंबा, हे घड्याळ बरोबर आहे."

"दगड लागून सुधारलं असेल," तो म्हणाला. "कासुबा, तू दारू ठास. चौकशा करायला ऑफिस आहे." तिच्या नावाआधी त्याने बा लावला नाही.

कासुबाने त्याच्यासमोरच ते घड्याळ मनगटावर बांधलं. तबकडी आतल्या बाजूला. आणि जेरेचा अठरा नंबर मागून घेतला. दुसरं कुणी तो घ्यायला तयारही नव्हतं.

एकोणीस नंबर तेव्हा बंद होता. तोंडावर फळ्या ठोकलेल्या, साखळी, कुलूप.

मंगळवार. एक वाजून वीस मिनिटं.

भोकं भरून झाली होती. जोडीदार मोफ्या हत्यारं गोळा करत होता. पिकल्या केसांचा माणूस, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. कासुबाने नियमाप्रमाणे पाना उचलला आणि नळावर तीनदा मारला. पलीकडे कुणी नाही हे माहीत होतं. तरी नियम तो नियम.

शांतता.

ती वातीकडे वळली...

ठक.

ठक.

ठक.

मोफ्याच्या हातातली मुंकोयोची बाटली खाली पडली. पांढरं पेय दगडांत झिरपून गेलं.

"वरून कुणीतरी मस्करी करतंय," कासुबा म्हणाली.

मोफ्या वळसा घालून एकोणीसच्या तोंडाशी जाऊन आला. कुलूप जागच्या जागी होतं. साखळीवर धूळ तशीच.

तिने पुन्हा ठोकलं.

पुन्हा उत्तर आलं. सावकाश, मोजून. तीन.

त्या दिवशी अठरा नंबरचा सुरुंग उडाला नाही.

बुधवारी तेच. शिवाय बोगद्यात तपकिरीचा वास. ना मोफ्या तपकीर ओढतो, ना कासुबा. जेरे ओढायचा.

गुरुवारी मोफ्याने गयावया करून तिला ते घड्याळ वरच ठेवायला लावलं. दुसरं साधं घड्याळ घालून ती खाली गेली. तीन ठोके मारले.

काही नाही. दहा मिनिटं वाट बघितली. काही नाही. सुरुंग उडाला, सगळं सुरळीत.

शुक्रवारी पुन्हा जेरेचं घड्याळ मनगटावर...

ठक. ठक. ठक.

मग सगळ्यांना कळलं, तो घड्याळाबरोबर येतो.

"बा कासुबा, हात जोडतो," मोफ्या म्हणाला. "ते काढा. त्याच्या थडग्यावर ठेवून या. सुरुंग लावू, घरी जाऊ."

"आणि फळ्यावरचं?"

"फळ्यावरचं कोण वाचतं?"

"त्याची पोरं वाचतात. शाळेतून त्याच फाटकावरून येतात."

"पण तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटते की." मग ती अंधाराकडे तोंड करून ओरडली, "ऐक रे उंदीरखाऊ! हे मी हक्काने घेतलंय, परत मिळायचं नाही! तुला बोलायचं असेल तर बोल. मी काढत नाही!"

अंधारातून काहीच आलं नाही. फक्त तपकिरीचा वास जरा जवळ आला.

त्यानंतर नऊ दिवस ती रोज ते घड्याळ घालून उतरली. रोज ठोके, रोज उत्तर. नऊ दिवस अठरा नंबर ठप्प. कामाच्या वहीत तिने रोज एकच ओळ लिहिली: पलीकडे माणूस आहे, नियमाप्रमाणे वात पेटवली नाही.

दहाव्या दिवशी चिशिंबा स्वतः खाली आला. बरोबर दोन खाणकामगार, साक्षीला. तिला कामावरून काढायचंच असं ठरवून आला होता.

"कुठे आहे तुझा माणूस?"

"नळ समोर आहे. विचारा."

"आधी ते घड्याळ काढ. सगळा खेळ त्याचाच आहे ना?"

"मी काढणार नाही. तुम्हाला हवं असेल तर तुम्ही घाला. घालून ठोका, आणि उत्तर नाही आलं तर वात पेटवा. मी उद्यापासून येत नाही."

चार माणसं बघत होती. त्याला नाही म्हणता येईना. कासुबाने घड्याळ काढून स्वतः त्याच्या मनगटावर बांधलं. तबकडी आतल्या बाजूला.

त्याने पाना घेतला. नळावर मारण्यासाठी हात उचलला...

ठक.

त्याचा हात हवेतच होता.

ठक.

ठक.

आवाज पलीकडून आला नव्हता. चिशिंबाने डाव्या हाताने नळ धरला होता, आवाज त्या मुठीखालून आला होता.

तो मागे सरकला. पट्टा ओढायला लागला. कापडी पट्टा, साधं बक्कल, पण ते निघेना. बोटं सुजून काळी पडायला लागली. मोफ्याने बत्तीचा उजेड मनगटावर टाकला. काटे स्पष्ट दिसत होते.

एक वाजून दहा मिनिटं.

ते बघून चिशिंबा मटकन खाली बसला.

"एक दहाच झाले होते," तो म्हणाला. आवाज लहान पोरासारखा झाला होता. "त्या दिवशी... एक दहाच. मी ठोकलं. त्याने उत्तर दिलं. मी ऐकलं होतं... मला वाटलं, निघेल तो. मला वाटलं, निघाला असेल."



बक्कल आपोआप सुटलं. घड्याळ मातीत पडलं. कासुबाने उचललं, विजारीला पुसलं आणि मनगटावर बांधलं.

"आता हेच वर जाऊन लिहा," ती म्हणाली.

त्याने लिहून दिलं. चार साक्षीदार होते, दुसरं काय करणार? फळ्यावर नवा कागद लागला. त्यात जेरेचं घड्याळ बरोबर असल्याचं छापलं होतं. कासुबाने जेरेच्या पोरांना हाताला धरून फाटकावर नेलं आणि मोठ्याने वाचायला लावलं. चिशिंबाची नोकरी गेली. मनगटावरचा पट्ट्याचा वळ मात्र कधी गेला नाही, असं बघणारे सांगतात.

दुसऱ्या दिवशी तिने अठरा नंबरात तीन ठोके मारले. पलीकडे शांतता. बरोबर दीडला सुरुंग उडाला, आणि पुढची अकरा वर्षं तिथे कुणी उत्तर दिलं नाही.

गोष्ट इथे संपली असती तर मी लिहिलीच नसती.

गेल्या ईस्टरला आम्ही कासुबाकडे जेवायला गेलो होतो. ती आता निवृत्त आहे. अंगणात आंब्याखाली मक्याच्या पिठाचा शिमा आणि कापेंटा मासे वाढले होते. मागच्या भिंतीला पाण्याचा लोखंडी नळ. दुपारची वेळ. हसणं, चिडवाचिडवी चालली होती.

तिने मध्येच मनगट उलटं करून बघितलं, आणि हातातला घास ताटात ठेवला.

ठक. ठक. ठक.

मी ऐकलं. माझ्या बायकोनेही ऐकलं.

कासुबा उठली, नळाजवळचा दगड घेतला, तीनदा ठोकला. परत येऊन हात धुतला आणि जेवायला बसली.

"जेरे अजून येतो?" मी विचारलं.

"जेरे कशाला येईल? त्याचं काम झालं. हा चिशिंबा. दोन वर्षांपूर्वी गेला ना, तेव्हापासून रोज. एक दहाला." तिने माशाचं डोकं तोडलं. "मेल्यावर नियम शिकला. वात पेटवायच्या आधी विचारतो, कुणी आहे का."

"आणि तुम्ही उत्तर दिलं नाही तर?"

"तर काय, तो पेटवणार. काय पेटवतोय ते मला माहीत नाही. बघायचंही नाही." ती हसली. "जेरेचं उत्तर ऐकूनही हा थांबला नव्हता. आता मी रोज थांबवते. मरेपर्यंत थांबवणार!"

मग तिने मनगट माझ्यासमोर धरलं. काचेवर एक ओरखडा नव्हता.

"तू अंगोनी. माझ्या मयताला हे पळवायचा हक्क तुझा. पट्टा मी नवीन टाकलाय, दहा-बारा वर्षं बघायला नको. तबकडी आत ठेवायची. घालशील ना, उंदीरखाऊ?"

मी हसून विषय बदलला.

ती आता त्रेसष्ट वर्षांची आहे. मागच्या महिन्यात तिला इस्पितळात ठेवलं होतं. मी रोज एक वाजल्यापासून ताट सरकवून आमच्या नळाकडे बघत बसायचो.

मी अजून हो म्हटलेलं नाही.