चार तासांच्या आत

त्याला सगळे पाऊण म्हणत. आईवडिलांनी चांगलं तीन अक्षरी नाव ठेवलं होतं, पण ते फक्त विजेच्या बिलावर यायचं. पाऊण हे नाव मेहुण्याने ठेवलेलं, आणि मेहुण्याने ठेवलेलं नाव एकदा चिकटलं की साबणाने जात नाही.

नावाला कारणही होतं. तीन वर्षांचा कोर्स त्याने सव्वादोन वर्षांनी सोडला. रहस्यकथा तो आवडीने वाचायचा आणि शेवटची वीस पानं राहिली की खुनी कोण ते बायकोला विचारायचा. चष्म्याच्या दुकानात मात्र माणूस चोख. मागच्या खोलीत बसून काचा फ्रेमच्या मापाने घासायच्या, हे त्याचं काम. काच अर्ध्या मिलिमीटरने सरकली तर गिऱ्हाईकाचा पाय जिन्यावर चुकतो, हे त्याला ठाऊक होतं. तिथे त्याने कधी काही अर्धवट सोडलं नाही, कारण मशीन एकदा सुरू झालं की स्वतःच थांबायचं. त्याचं मत विचारायचं नाही.

मॅरेथॉनला मत विचारलं जातं. दर पावलाला. तीन वर्षांत तीनदा त्याने ते दिलं होतं: एकोणतिसाव्या, एकतिसाव्या आणि तिसाव्या किलोमीटरला.

पहिल्या वर्षी बायको पोट धरून हसली. दुसऱ्या वर्षी म्हणाली, ‘‘शहाण्या, लग्नातल्या फेऱ्या तरी पुऱ्या केल्यास का? मी मोजल्या नव्हत्या.’’ तिसऱ्या वर्षी तो बसने घरी आला तेव्हा तिने दार उघडलं आणि एवढंच म्हणाली, ‘‘पाणी गरम आहे.’’ टोमणा नाही की काही नाही. त्यानंतर वर्षभर नाही. घरातला फ्रिज घरघरायचा थांबला की आधी बरं वाटतं, मग आत एकेक गोष्ट नासायला लागते. तसं झालं होतं.

म्हणून हे चौथं वर्ष. नुसतं पूर्ण करायचं नाही, चार तासांच्या आत. त्याने आठ महिने तयारी केली. आदल्या संध्याकाळी बायकोने सामानाच्या पिशवीत टॉवेल घडी करून ठेवला आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली, ‘‘पोरगी आणि मी, आम्ही दोघी शेवटच्या कमानीपाशी असू. चार तास उभी राहीन. पण वाट बघणं मी सोडलंय, हं. नुसती उभी राहीन.’’

सकाळी सहाला शर्यत सुटली. हवा थंड होती. छातीवर चार पिनांनी अडकवलेला कागदी नंबर, नंबराच्या पाठीमागे चिकटवलेली नखाएवढी चिप. वाटेत ठरावीक ठिकाणी रस्त्यावर रबरी चटया अंथरलेल्या असतात. त्यांवरून गेलं की चिपची वेळ नोंदली जाते आणि घरच्यांच्या फोनवर दिसते. चटईला माणूस दिसत नाही. तिला फक्त चिप कळते.

किलोमीटरला पाच मिनिटं चाळीस सेकंद. पहिले आठ किलोमीटर घड्याळाला लाज वाटावी इतके बिनचूक गेले. मग त्याला मागून पावलं ऐकू आली.

मागून पावलं ऐकू येण्यात नवल नाही, मागे चार हजार माणसं होती. पण ही पावलं त्याच्या पावलांवरच पडत होती. त्याने मुद्दाम लय मोडली. त्यांनीही मोडली, आधी ठरल्यासारखी.

‘‘चार तासांच्या आत ना?’’ आवाज बाजूला आला.

त्याने वळून पाहिलं. त्याच्याच उंचीचा माणूस. चेहरा पासपोर्टच्या फोटोसारखा, नजर हटली की आठवू नये असा. राखाडी बनियन. छातीवर चार पिना होत्या, चार कोपऱ्यांत, नीट लावलेल्या. मधे नंबर नव्हता.

‘‘नंबर कुठे पडला?’’ पाऊणने विचारलं.

‘‘मिळेल की,’’ तो म्हणाला. ‘‘बोलत जाऊ या का? बोललं की अंतर कळत नाही.’’

हे खरं होतं. फुकट पळणारे दर शर्यतीत चारदोन असतातच, त्यामुळे पाऊणने मनाला लावून घेतलं नाही.

‘‘घरी कोण कोण?’’

‘‘बायको. मुलगी, सात वर्षांची.’’

‘‘दात पडले?’’

‘‘समोरचे दोन. एक शाळेत गिळला. वर्गशिक्षिकेने तसं पत्र लिहून पाठवलं, शिक्का मारून.’’

तो माणूस हसला. हसायला त्याला किंचित उशीर लागला, जणू हसू आतून शोधून आणावं लागलं.

‘‘बायको हाक काय मारते?’’

‘‘शहाण्या.’’

‘‘रागाने?’’

‘‘पूर्वी प्रेमाने. हल्ली नाहीच मारत.’’

‘‘बघू,’’ तो म्हणाला.

नदीवरचा पूल गेला, गोदामांचा लांब रस्ता सुरू झाला. तो विचारत राहिला. घराचं दार आत उघडतं की बाहेर? झोपताना भिंतीकडे कोण? चहात साखर किती? भुवईवर काय लागलंय? पाऊण सांगत गेला. काचेचा तुकडा उडाला होता, पाच वर्षं झाली, तीन टाके. सांगताना हलकं वाटत होतं, खिशातली चिल्लर टाकत चालल्यासारखं. विसाव्या किलोमीटरची चटई, पंचविसाव्याची चटई. वेळ अगदी मुठीत.

एकच गोष्ट त्याला जरा खटकली. मुलीचा दात आठवून मन रमवावं म्हणून त्याने शिक्षिकेचं पत्र डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला, तर पत्र दिसेना. आपण ते कुणाला तरी सांगितलं होतं, एवढंच आठवत होतं.

अठ्ठाविसाव्याला पाण्याचं टेबल आलं. पाणी देणाऱ्या बाईने त्या माणसापुढे पेला धरला. ‘‘घ्या दादा.’’ मग पाऊणसमोर धरलेला पेला तिने मधेच मागच्याला दिला, तो तिथे नव्हताच अशा सहजपणे.

‘‘गर्दी असते,’’ तो माणूस म्हणाला आणि आपल्यातलं अर्धं पाणी त्याला दिलं. तेव्हा पाऊणला दिसलं की त्याच्या उजव्या भुवईवर बारीक पांढरा व्रण आहे. आधीपासून असणार. आपण नीट पाहिलं नसेल.

एकतीस गेला. बत्तीस गेला. आयुष्यात कधी पाहिला नव्हता तो तेहतिसावा फलक पाऊणने पाहिला, आणि तो एकतिसाव्यासारखाच निघाला.

चौतिसाव्याला तो थांबला.

काही दुखत नव्हतं. पायात गोळा नाही, छातीत कळ नाही. तेच वाईट. कारण असतं तर सांगता आलं असतं. गोदामाच्या भिंतीला हात टेकून तो उभा राहिला. घड्याळात तीन तास चौदा मिनिटं. आठ किलोमीटर उरलेले. अजून जमणारं होतं. त्याला ते स्पष्ट दिसत होतं, आणि पाय हलत नव्हते.

तो माणूस त्याच्यासमोर जागच्या जागी पळत राहिला. बनियन कोरडं होतं.

‘‘तिथे त्या दोघी उभ्या असतील,’’ तो म्हणाला.

‘‘माहीत आहे.’’

‘‘काय सांगशील?’’

पाऊणने पुन्हा घड्याळ पाहिलं.

‘‘नंबर दे. मी नेतो.’’

पळणाऱ्यांत हे चालतं. उघड कुणी बोलत नाही, पण एखाद्याचा पाय दगा देतो, दोस्त त्याची चिप कमानीपलीकडे नेतो, नोंदीत वेळ लागते, पदक मिळतं, संध्याकाळी दोघं हसतात. पाऊण अशांना लबाड म्हणायचा. आता त्याला वाटलं, एकदाच. एकदा तिच्या फोनवर तो आकडा दिसू दे. बाकी नंतर बघू.

त्याने पिना उघडल्या. कागद त्या माणसाच्या चार पिनांत असा बसला, जसा फ्रेममध्ये काच बसते. आवाजसुद्धा झाला नाही.

‘‘परत कुठे देशील?’’ पाऊणने विचारलं.

तो एव्हाना निघून गेला होता. पाठमोरा पळताना त्याचा डावा खांदा थोडा खाली झुकत होता. पाऊणचा डावा खांदाही झुकायचा, असं बायको म्हणायची. स्वतःला पाठीमागून पाहायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती.

पाच-सहा मिनिटांनी थकलेल्यांना उचलणारी गाडी आली. आत एक नर्स आणि पाय चोळत बसलेले दोघं.

‘‘नंबर?’’ नर्सने विचारलं.

‘‘पडला.’’

‘‘मग तुम्ही शर्यतीत होतात कशावरून?’’

‘‘मी इथे चड्डी-बनियनवर उगाच उभा आहे का, बाई?’’

‘‘असतात लोक,’’ ती गंभीरपणे म्हणाली. ‘‘नाव सांगा.’’

त्याने विजेच्या बिलावरचं नाव सांगितलं. तिने फोनवर शोधलं. ‘‘हे तर धावतायत. पस्तिसाची चटई आत्ताच ओलांडली.’’ मग तिने नोंदणीचा फोटो मोठा केला, फोटो पाहिला, त्याला पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला.

‘‘नातलग आहात का त्यांचे?’’

त्याने फोन हातात घेतला. फोटो त्याचाच होता, दुकानातल्या निळ्या शर्टातला. फक्त फोटोतला माणूस त्याच्यापेक्षा जरा जास्त तो होता.

चाळिसाची चटई. तीन तास सेहेचाळीस. नर्स सहज म्हणून सांगत होती. गाडीतले दोघं म्हणाले, ‘‘भारी पळतोय कोण तो.’’ खोटं कशाला बोला, पाऊणला आनंद होत होता.

‘‘झालं,’’ नर्स म्हणाली. ‘‘तीन अठ्ठावन्न बारा.’’

दोघांनी टाळ्या वाजवल्या. त्यानेही वाजवल्या.

गाडी कमानीमागच्या मैदानावर थांबली. तो आधी सामानाच्या खिडकीशी गेला, कारण पिशवीत फोन आणि घराची किल्ली होती. खिडकीतल्या म्हाताऱ्या कारकुनाने वही पाहिली.

‘‘पिशवी नेली.’’

‘‘कोणी?’’

‘‘ज्याची त्याने. छातीवर नंबर होता, पदक होतं, आणि आत हिरवा टॉवेल आहे हेही सांगितलं. आणखी काय करू, गळाभेट घेऊ?’’

टॉवेल हिरवा होता का? पाऊणने आठवून पाहिलं. घडी आठवली. रंग आठवला नाही.

गाडीपाशी परत येऊन त्याने नर्सचा फोन मागून घेतला. बायकोचा नंबर त्याला पाठ होता, निदान बोटांना होता. तिकडे गलका, ढोल, कर्णा.

‘‘हॅलो, कोण?’’

‘‘मी.’’

‘‘मी कोण? आवाज येत नाहीये. ह्यांच्या दुकानातले का? थांबा, देते. ए शहाण्या, तुझा फोन आहे बघ!’’

वर्षभराने तो शब्द त्याच्या कानावर पडत होता. तिचा आवाज हसून हसून फुटला होता.

‘‘हॅलो,’’ पलीकडून एक धापा टाकणारा, सुखी आवाज आला. ‘‘बोला.’’

पाऊणने फोन बंद केला.

कमानीपलीकडे, दोरीच्या कडेला, ती दिसली. तिने त्या माणसाचा चेहरा दोन्ही हातांत धरला होता आणि अंगठ्याने त्याच्या भुवईवरचा घाम पुसत होती. मुलगी त्याच्या पायाला मिठी मारून पदक चावून बघत होती.

चार पावलं. एवढंच अंतर.

ओरडायचं तर काय ओरडायचं? की तो मी नाही, मी चौतिसाव्याला थांबलो? तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते त्याने लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं. एका वाक्याने ते गेलं असतं.

तो दोन पावलं पुढे गेला.

तिसरं टाकलं नाही.

मुलीने त्याला आधी पाहिलं. ‘‘बाबा,’’ ती म्हणाली, आणि त्याचं काळीज उसळलं. पण ती वर, त्या माणसाकडे बघत होती. ‘‘बाबा, ते काका रडतायत.’’

तो माणूस वळला. त्याच्या डोळ्यांत ओळख होती, आणि कीवही. ‘‘माझ्याबरोबर होते ते,’’ तो बायकोला म्हणाला. ‘‘चौतिसाव्यापर्यंत. चांगली सोबत झाली.’’

बायको पुढे आली. रस्त्यात पडलेल्या माणसाकडे चांगली माणसं बघतात तसं तिने त्याच्याकडे बघितलं. हातातली पाण्याची बाटली पुढे केली.

‘‘मनाला लावून घेऊ नका, दादा,’’ ती म्हणाली. ‘‘ह्यांचंही तीनदा असंच झालं होतं. पुढच्या वर्षी होईल तुमचं.’’

त्याने बाटली घेतली. तिचं नाव जिभेच्या टोकावर होतं. त्याने तोंड उघडलं, आणि कुणी न शिकवता, अगदी सरळ, अदबीने त्याच्या तोंडून आलं,

‘‘हो, ताई.’’