पुढच्या शनिवारी नेऊ

दोर तुटला तो नेमका बडोद्यात, मकरपुऱ्याच्या रस्त्यावर, शिफ्ट सुटायच्या वेळी. ओढणारा टेम्पो पुढे निघून गेला आणि जुनी मॅटाडोर रस्त्याच्या मधोमध बसली... स्टिअरिंगवर शर्वरी. मागे कंपन्यांच्या बस, मोटारसायकली आणि सगळ्यांचे हॉर्न. तिला रडू कोसळायचंच बाकी होतं.

तेवढ्यात शेजारच्या शेडमधून एकजण हात पुसत आला. उंच, सावळा, भुवईवर रंगाचा एक ठिपका. "बेन, स्टिअरिंग सीधुं राखजो," एवढंच म्हणाला आणि चार माणसं जमवून त्याने गाडी सरळ स्वतःच्याच शेडमध्ये ढकलली. ती खरं तर दुसऱ्याच गॅरेजकडे निघाली होती. पण त्याने दाराच्या गंजावरून असा हलका हात फिरवला, की जणू आजाऱ्याची विचारपूस करतोय... आणि शर्वरीने ठरवून टाकलं, गाडी इथेच राहू दे. त्याचं नाव अमोघ.

ती मॅटाडोर शर्वरीच्या बाबांची. विश्वंभरराव रिफायनरीत नोकरीला असताना त्यांनी ती जुनीच घेतली होती. सुताराकडून आत तीन बाकं करून घेतली, झोपायच्या वेळी त्यांचेच पलंग होत. कोपऱ्यात स्टोव्ह. दर थंडीत बाबा, आई आणि ती चांदोदला जायची, नर्मदेच्या काठी गाडी लावून मुक्काम करायची. मग शर्वरीचं कॉलेज आलं, नोकरी आली, आणि गाडी कडुलिंबाखाली ताडपत्रीत गेली. आता बाबांची फुप्फुसं थकली होती. नाकात ऑक्सिजनची नळी लावून ते खिडकीशी बसून असत. ही थंडी निघाली तरी पुष्कळ, असं डॉक्टरांनी शर्वरीला बाजूला घेऊन सांगितलं होतं. बाबांनी मात्र एकच मागितलं होतं. गाडी नीट कर, तिघं चांदोदला एक मुक्काम करू.

म्हणून दर शनिवारी ऑफिस सुटलं की ती मकरपुऱ्याला जायची. गंजलेला पत्रा कापणं, नवा जोडणं, इंजिन उतरवणं... सगळं बोलणं गुजरातीत. तो शर्वरीबेन म्हणायचा, ती अमोघभाई. असेच तीन-चार शनिवार गेले असतील, आणि एकदा पत्र्याची कड त्याच्या बोटात घुसली.

"आई गं..."

"लागलं का हो फार?" ती पटकन बोलून गेली.

दोघं एकमेकांकडे बघतच राहिली. बडोद्यातली दोन मराठी माणसं, आणि इतके दिवस एकमेकांची परक्या भाषेत खातिरदारी करत होती! रक्त टपकत होतं आणि दोघांना हसू आवरत नव्हतं.

तिने रुमाल बांधून दिला. बांधताना मान वर न करता म्हणाली, "आता ते बेन म्हणणं बंद करा."

"बरं... मग काय म्हणू?"

"नाव आहे मला."

"शर्वरी," त्याने म्हणून पाहिलं. आणि त्या पत्र्याच्या, रंगाच्या वासाच्या शेडमध्ये ती चक्क लाजली.

तिथून पुढे दोघांचं काय झालं ते सांगायला नकोच. कामाआधी सेव-उसळ होऊ लागली. तिखट तर्रीने तिचे डोळे भरले की तो न बोलता पाण्याचा ग्लास पुढे सरकवायचा. तो बोनेटखाली वाकलेला असला की ती त्याच्या पाठीशी बोलत राहायची, कारण तोंडासमोर तिला सुचायचं नाही. मुंबईची एक मोठी कंपनी सोडून तो वडिलांच्या शेडमध्ये का परतला, हे त्याने फक्त तिला सांगितलं. त्याला जुनं काही टाकवत नव्हतं, इतकंच.

घरी आली की बाबा फोनमधले फोटो मोठे करकरून बघायचे. "पिस्ता रंगच दिलाय ना? तोच होता. मग... कधी निघायचं?"

"थोडंच राहिलंय, बाबा."

आणि खरंच थोडंच राहत होतं, दर वेळी. पडद्याचं कापड तिने मंगळबाजारातून आणलं, परत केलं, पुन्हा आणलं. त्याने बाकांना पॉलिश केलं, पसंत नाही म्हणून घासून काढलं आणि पुन्हा केलं. गाडी झाली की शनिवार संपणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. बोललं मात्र कोणीच नाही.

मग तो दिवस आला. मॅटाडोर शेडच्या दाराशी उभी होती, स्वच्छ, पिस्ता रंगाची, तिच्या लहानपणातून उचलून आणल्यासारखी. अमोघने किल्ली तिच्यासमोर धरली. "आज नेता येईल... म्हणजे, न्यायची असेल तर."

शर्वरीने किल्लीकडे पाहिलं. मग त्याच्या हाताकडे, बोटावरच्या त्या व्रणाकडे.

"आतल्या वरच्या फळीचा रंग जरा फिका नाही वाटत?" ती म्हणाली.

फळीचा रंग अगदी नीट होता. त्याने हळूच किल्ली खिशात टाकली. "वाटतो खरा. पुढच्या शनिवारी नेऊ मग."

घरी जाताना ती रिक्षात गाणं गुणगुणत होती.

गुरुवारी सकाळी चहा पिता पिता बाबांना धाप लागली. अँब्युलन्स दारात यायच्या आत सगळं संपलं.

अस्थी चांदोदला न्यायच्या होत्या. नातेवाइकांनी मोठी गाडी ठरवत आणली होती, पण शर्वरीची आई, रमाताई, ऐकेनात. ह्यांना आपल्याच गाडीतून न्यायचं, म्हणाल्या. अमोघ मॅटाडोर घेऊन आला. रमाताई मागे बसल्या, कलश बाबांच्या बाकावर ठेवून, त्याला हात लावून. वाटेतलं डभोई मागे पडलं. गाडी छान चालत होती, आणि शर्वरीला तेच सहन होत नव्हतं.

संगमावर होडीतून जाऊन विधी झाला. गुरुजी गेले, नातेवाईकही पांगले. रमाताई गाडीत टेकल्या आणि ही दोघं घाटाच्या पायरीवर बसली. नदीवर राखाडी आभाळ उतरलं होतं.

"फळीचा रंग चांगला होता," शर्वरी म्हणाली. "पडदेही पहिलेच चांगले होते. मला यायला कारण हवं होतं, अमोघ."

तो पाण्याकडे बघत राहिला. "गाडी दिवाळीआधीच झाली होती. दाराचं रबर माझ्याकडे पडून होतं... मी बसवत नव्हतो."

प्रेमाची कबुली द्यायची ती दोघांनी दिली होती. पण तिचा आनंद कुणालाच घेता येईना.

"तुम्ही मला फार आवडता," ती म्हणाली. "आणि बाबा आठवले की त्या आवडण्याचाच राग येतो."

"मलाही," तो म्हणाला. त्याने तिचा हात धरला नाही. जवळ मात्र बसून राहिला.

"चहा झालाय," मागून रमाताईंचा आवाज आला. कोपऱ्यातला स्टोव्ह त्यांनी पेटवला होता. कप दोघांच्या हातात देऊन त्या दारातच बसल्या.

"मला कळत होतं," त्या म्हणाल्या. "रंगाला इतके दिवस लागत नाहीत. ह्यांना नव्हतं कळत, ह्यांना फक्त गाडी हवी होती. मी एका शब्दाने तुला घाई केली असती... पण मला आपलं वाटायचं, गाडी व्हायची आहे तोवर हे कुठे जात नाहीत."

शर्वरीने आईच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. रमाताई तिच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या.

"आपल्यात असं झाल्यावर वर्षाच्या आत लग्न करतात. नाहीतर तीन वर्षं थांबावं लागतं," त्या म्हणाल्या. "तुम्हा दोघांची थांबायची सवय मी पाहिलीय, म्हणून आजच सांगते."

अमोघने कप खाली ठेवला. "नाही थांबणार, काकू."

शर्वरीने डोळे पुसले आणि त्याच्याकडे पाहिलं, आणि तेवढं त्याला पुरलं.

"मग आज इथेच राहू," रमाताई म्हणाल्या. "त्यांचा एक मुक्काम राहिलाय."

"पण आई, अंथरुणं कुठे आणलीत? पुढच्या..." शर्वरी बोलता बोलता थांबली. तिने आत पाहिलं. तीन बाकं, पिस्ता रंगाचं दार, तिनेच निवडलेले पडदे.

"राहू," ती म्हणाली, आणि पडदे काढून अंथरायला लागली.