उडीचं बटण

"द्या तो इकडे! त्याला हात लावायचा नाही!"

खटपटीनं काउंटरवरून झडप घालून हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम ओढून घेतला. दुरुस्तीवाले काका स्क्रूड्रायव्हर हातात तसाच धरून बघत राहिले.

"बघा तुमच्या लेकीचा तोरा!" ते तिच्या आईला म्हणाले. "बिल्डिंगमधले चार गेम बिघडलेत. नाही बिघडणार तर काय? ही उघडते, वायरी जोडते! निदान हा तरी मूळ होता तसा करून देतो."

तो गेम तिच्या मित्राचा, चष्मिसचा होता; काकांची तक्रार ऐकून आईनंच तो दुकानात आणला होता. चष्मिसचा उजवा अंगठा जन्मापासून वाकत नसे, त्यामुळे उडी मारायचं बटण त्याला दाबताच येत नव्हतं. सुट्टी लागल्या लागल्या खटपटीनं जुन्या रिमोटचं एक बटण काढलं, दोन बारीक वायरींनी आत जोडलं आणि गेमच्या पाठीवर, डाव्या हाताच्या बोटाखाली बसवलं. त्या दिवशी चष्मिसनं पहिल्यांदा खेळातली दरी ओलांडली आणि असा काही ओरडला, की खालच्या मजल्यावरच्या आजी धापा टाकत वर आल्या!

"मी हा एकच गेम उघडलाय," खटपटी म्हणाली. "बाकीच्यांना बोटसुद्धा लावलं नाही."

"पुरे," आई म्हणाली. "आजपासून तुझी हत्यारं माझ्या कपाटात. आणि उद्या हा गेम काकांना आणून द्यायचा."

"नाही देणार!"

"काय म्हणालीस?"

"उद्या म्हणालीस ना? मग उद्या बघू!"

बिल्डिंगच्या जिन्यात चष्मिस आणि त्यांचा दोस्त लांब्या वाटच बघत होते. लांब्याचा गेमही बिघडलेल्या चारांतला.

"नक्की होतं काय त्याला?" खटपटीनं विचारलं.

"त्यातला गडी काही न दाबता आपोआप डावीकडे पळतो. थेट खड्ड्यात!"

तिघांनी उरलेली तिन्ही घरं पालथी घातली. सगळीकडे तेच रडगाणं. गडी डावीकडेच पळतो!

"कधीपासून?"

"नवी बॅटरी बसवून आणली तेव्हापासून." चारही जणांचं उत्तर एकच!

"आणि बॅटरी बसवली कुणी?" चष्मिसचे डोळे चमकले. "दुरुस्तीवाल्या काकांनी!"

"मी उघडलेला ठणठणीत, आणि त्यांनी उघडलेले आजारी," खटपटी म्हणाली. "चला, लांब्याचा उघडून बघू. पण हत्यारं?"

चष्मिसचे बाबा चष्मेवाले होते. त्यांच्या दुकानात नखाएवढे स्क्रूड्रायव्हर होते.

"लांब्या, घरी विचारलंस का?" बाबांनी आधी तेच विचारलं.

"विचारलं! आई म्हणाली, आता आणखी काय बिघडणार आहे!"

खटपटीनं सहा स्क्रू काढून कागदावर ओळीनं मांडले. पाच अगदी सारखे. सहावा मात्र तांदळाच्या दाण्याइतका जास्त लांब! तो जिथून काढला, तिथे खाली आतल्या हिरव्या सर्किटच्या पट्टीवर खड्डा पडला होता. तिनं स्क्रू परत घट्ट बसवला. गडी डावीकडे पळाला. दोन वेढे सैल केला. गडी जागच्या जागी थांबला!

"अरे वा!" चष्मेवाले बाबा भिंगातून बघत म्हणाले. "हा टोकानं डावीकडे जायचं बटण आतून दाबूनच धरतोय!"

"चला, आत्ताच जाऊन दाखवू!" लांब्या उठलाच.

"थांब. ते म्हणतील, हा स्क्रू हिनंच घातला. तुझा आपण उघडलाय." खटपटी विचार करत म्हणाली. "दुरुस्तीनंतर काका जोडावर स्टिकर लावतात, बाकीच्या तिघांवर ते अजून शाबूत आहे. त्यातला एक त्यांनाच उघडायला लावू!"

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात गर्दी झाली. तिघं पोरं, खटपटीची आई, चष्मेवाले बाबा आणि बिघडलेल्या गेमवाल्यांच्या घरचे.

"आणलास गेम?" काकांनी हात पुढे केला.

"आणला. पण हा दुसराच आहे. हे स्टिकर तुमचंच ना? फाटलंय का कुठे?"

"नाही... म्हणजे मी लावलं तसंच आहे."

"मग मी हा उघडलेला नाही. आता तुम्ही उघडा. सगळ्यांसमोर!"

काकांनी घसा खाकरला, पण माघार घ्यायला जागाच नव्हती. एकेक स्क्रू काउंटरवर पडू लागला. चौथा पडला आणि लांब्या ओरडला, "हाच! हाच तो लांबडा!"

काकांचा चेहरा उतरला. त्यांनी मागची डबी पुढे ओढली. सगळ्या यंत्रांचे स्क्रू तिच्यात एकत्र. "घाईत हाताला येईल तो बसवतो," ते खाली बघत पुटपुटले. "चूक माझी आहे. चारही गेम फुकट नीट करून देतो."

"आणि चष्मिसचा?"

"त्याला मी कशाला हात लावू? इतकी नेटकी जोडणी मलासुद्धा जमली नसती."

"शाब्बास पोरी!" चष्मेवाल्या बाबांनी तिची पाठ थोपटली. "स्क्रू सापडणं सोपं होतं. सगळे विरोधात असताना उभं राहणं अवघड."

दुकानाबाहेर आल्यावर आई थांबली. "तुझं ऐकून न घेता मी त्यांचं खरं मानलं. चुकलं माझं."

"हो," खटपटी तिच्या डोळ्यांत बघत म्हणाली, "चुकलंच!"

आईनं क्षणभर डोळे वटारले. मग तिथेच, भर रस्त्यात, तिनं लेकीला घट्ट मिठी मारली.