नवा कीबोर्ड पाठव

डिसेंबरात उत्तर ध्रुवाजवळच्या त्या गावात सूर्य उगवत नाही. अकराच्या सुमारास आकाश निळसर होतं, दोन वाजेपर्यंत तो निळा रंगही विझतो, आणि लोक दिवे लावून आपापली कामं करत राहतात. इर्मेलीला त्याचं काही वाटत नसे, जन्मच तिथला. त्या शुक्रवारी तिला वैताग आणला होता तो खांद्यानं. सकाळी दारातला बर्फ उपसताना डावा खांदा भरून आला होता, आणि बसून बसून तो अधिकच जड होत चालला होता.

नगरपालिकेच्या मदतकक्षात तिची सतरा वर्षं गेली होती. शाळा, वाचनालयं, पाण्याचे पंप, शंभर किलोमीटरच्या टापूत कुणाचाही संगणक रुसला की फोन यायचा तो तिच्या टेबलावर. ती सांगायची, 'परवानगी द्या' हे बटण दाबा. समोरच्यानं दाबलं की त्याचा पडदा जसाच्या तसा तिच्या पडद्यावर उघडायचा, आणि इथं बसून ती तिथला बाण फिरवायची. लोकांच्या घरात बूट न काढता शिरण्यासारखं काम आहे हे, असं ती म्हणे. कुणाचा पसारा दिसतो, कुणाची लफडी दिसतात. बघायचं आणि विसरायचं.

दीड वाजता तिचा सहकारी ओस्कारी कोट चढवत तिच्या टेबलाशी आला. नाताळआधीची कचेरीची पार्टी दोन वाजता कोपऱ्यावरच्या हॉटेलात सुरू व्हायची होती. फोन घ्यायला कुणीतरी एकानं मागं राहायचं आणि ते कोण, हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं, असा तिथला रिवाज. यंदा इर्मेलीची चिठ्ठी निघाली होती.

"तुझ्या वाटणीची गरम वाइन मी पितो हं. वाया जाऊ देणार नाही."

"पी. पण येताना जिन्यात आडवा होऊ नकोस. उचलायला मी एकटीच आहे."

"आज कोण फोन करतंय तुला! आणि केलाच कुणी, आणि मध्येच गप्प झाला, तर काय करायचं ठाऊक आहे ना?"

"ओस्कारी, पुरे झालं."

"नवा कीबोर्ड पाठव!" तो खदाखदा हसत जिना उतरला. खालचं दार त्याच्यामागं आपसूक बंद झालं.

हा विनोद इर्मेलीनंच कचेरीला दिला होता, आणि आता तो तिच्याच मानगुटीवर बसला होता.

गेल्या जानेवारीतली गोष्ट. पुओलिवाराच्या पंपघरातून राखणदार आर्वो केम्प्पीचा फोन आला. पाण्याचे रोजचे आकडे भरायचं पान उघडत नव्हतं. फोनवर नुसती खरखर, म्हणून मदतकक्षाच्या नेहमीच्या पद्धतीनं तिनं त्याच्या पडद्यावर एक कोरं पान उघडलं. तीही त्यावरच लिहिणार, तोही त्यावरच. आर्वो एका बोटानं, ठेचकाळत लिहायचा. मध्येच त्याचं लिहिणं थांबलं आणि एकच अक्षर धावायला लागलं, डोक्यावर दोन टिंबं असलेलं, कीबोर्डाच्या उजव्या कडेचं. ओळीमागून ओळी भरू लागल्या. 'आर्वो, कीबोर्डवर कोपर टेकलंय वाटतं!' असं तिनं लिहिलं. उत्तर नाही. दोन मिनिटं तिनं वाट पाहिली. जेवणाची सुट्टी झाली होती आणि खाली माशाचं सूप निवत होतं. तिनं जोडणी तोडली आणि नोंद केली: बटण अडकलं आहे. नवा कीबोर्ड पाठवावा. तक्रार बंद.

जेवताना तिनं कीबोर्डवर डुलकी काढणाऱ्या माणसाचा किस्सा रंगवून सांगितला. टेबल हसून लोळलं.

दुसऱ्या दिवशी आर्वो त्याच्या खुर्चीतच सापडला, कपाळ कीबोर्डवर टेकलेलं. हृदयविकार, डॉक्टर म्हणाले. अक्षर सुरू झाल्यावर तो बहुधा अर्धा-पाऊण तास जिवंत होता, पण हे हिशेब करणारी इर्मेली एकटीच होती. किस्सा सांगताना तिनं नाव घेतलं नव्हतं, त्यामुळे कुणाला संबंध लागला नाही. तिनंही तोंड उघडलं नाही. नवा कीबोर्ड टपालानं पंपघरात पोचला तो बरोबर अंत्यविधीच्या दिवशी. त्या एका गोष्टीची तिला इतकी शरम वाटे की ओस्कारीनं तो विनोद केला की ती पडद्यात डोकं खुपसायची.

दोन वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला.

"मी मार्त्ता बोलतेय, पुओलिवारा पंपघरातून. बदलीवर आलेय, आजच पहिला दिवस. अगं पोरी, इथला बाण आपोआप फिरतोय."

इर्मेलीनं घसा साफ केला. "असं होतं कधी कधी. पडद्यावर 'परवानगी द्या' असं आलंय ना? दाबा."

पंपघराचा पडदा उघडला. तेच हिरवं पान, तेच आकड्यांचे रकाने. फोनमध्ये मागं कसलीतरी घरघर चालू होती.

"आवाज कसला हो?"

"जनरेटर. सकाळपासून वीज नाही गावात. बर्फ तर असा पडलाय की दार उघडायला फावडं लागलं." मार्त्तानं जांभई दिली. "माफ कर हं. डोकं नुसतं ठणकतंय आज."

बाण हलला. रकान्यांवरून सावकाश, ठेचकाळत खाली सरकला.

"हां, आता तू फिरवतेयस," मार्त्ता म्हणाली.

इर्मेलीचे दोन्ही हात मांडीवर होते. "नाही… तुम्हीच हलवताय ना?"

"मी तर खिडकीशी उभी आहे बाई."

बाणानं कोरं पान उघडलं. इर्मेलीनं त्या संगणकावरचा आपला ताबा सोडून दिला. आता ती फक्त पाहू शकत होती. पानावर ते दोन टिंबांचं अक्षर उमटलं. मग दुसरं. मग ते धावायला लागलं.

"मार्त्ता," ती हळूच म्हणाली, "कीबोर्डवर काही पडलंय का? पुस्तक, पिशवी… बघा जरा."

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"कीबोर्ड कुठाय इथं? आधीचा राखणदार गेला तेव्हाच जुना काढून नेला म्हणे, तेव्हापासून आकडे वहीतच लिहितात. तुम्ही पाठवलेला कपाटावर आहे… खोक्यातच. चिकटपट्टीसुद्धा फोडलेली नाही कुणी."

इर्मेलीला दरदरून घाम फुटला. ओळ भरली, दुसरी सुरू झाली. वेग तोच. गेल्या जानेवारीतला प्रत्येक क्षण तिला पाठ होता. कोपऱ्यातल्या लाल फुलीवर एकदा टिचकी मारली की पडदा मिटणार होता, आणि तिला त्याक्षणी जगात दुसरं काही नको होतं. तिचा बाण फुलीवर जाऊनही पोचला.

"पोरी… मी जरा टेकते हं. झोप अनावर झालीय. नंतर करते फोन…"

"नाही! मार्त्ता, फोन ठेवू नका!"

"पाच मिनिटं फक्त…"

"मार्त्ता, डोकं कधीपासून दुखतंय? अहो, जनरेटरचा धूर बाहेर कुठून जातो? मार्त्ता?"

फोन कशावर तरी आपटला. घरघर ऐकू येत राहिली, आणि त्याखाली एक जड, लांब श्वास. पडद्यावर अक्षर धावत होतं.

इर्मेलीनं फुलीवरून बाण हटवला. एक फोन कानाशी तसाच धरून दुसऱ्यावर तिनं आपत्कालीन सेवेला पत्ता सांगितला, धूर सांगितला, जनरेटर सांगितला. मग ती पडद्यासमोर ओरडत राहिली, मार्त्ता, झोपू नका, मार्त्ता, तुमचं गाव कुठलं, मार्त्ता, नातवंडं किती. तिनं जोडणी तोडली नाही. पान भरलं, वर सरकलं, पुन्हा भरलं. अकरा मिनिटांनी फोनमध्ये दार फोडल्याचा आवाज आला, माणसं आली, आणि त्याच क्षणी अक्षर थांबलं.

थोड्या वेळानं अग्निशमनवाल्या माणसानंच फोन उचलला. "जिवंत आहे बाई. जनरेटरची धुराची नळी बर्फानं गच्च बुजलीय, सगळा विषारी वायू आतच कोंडला होता. आणखी दहा मिनिटं गेली असती तर प्रेत उचलायलाच आलो असतो. तुम्हाला तिथं बसून कळलं कसं?"

"ती बोलायची थांबली," इर्मेली म्हणाली. "म्हणून."

फोन ठेवून ती ढसाढसा रडली. वर्षभर दाबून ठेवलेलं सगळं बाहेर पडलं. मग पंपघराचा पडदा मिटण्याआधी तिनं त्या पानाच्या शेवटी लिहिलं, 'आर्वो, मला माफ कर,' आणि जोडणी रीतसर बंद केली. इतकं हलकं तिला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. फक्त खांदा तेवढा दुखत होता. दुखणं आता दंडात उतरलं होतं.

साडेतीन वाजले होते. खिडकीबाहेर मिट्ट काळोख होता आणि कचेरीत संगणकांच्या पंख्यांची बारीक घुरघुर. नोंद करायला तिनं वही उघडली, तशी तिच्या स्वतःच्या पडद्यावर बाण हलला. सावकाश, ठेचकाळत. कोरं पान उघडलं.

पहिलं अक्षर उमटलं. मग दुसरं.

"आर्वो…?" ती म्हणाली. "झालं ना आता. वाचली ती."

अक्षर धावायला लागलं. इर्मेलीनं खाली पाहिलं. उजव्या कडेचं ते बटण आत दाबलेलं होतं, बोटाखाली असावं तसं, आणि वर येत नव्हतं. तिनं नखानं उचकटून पाहिलं, ते हललं नाही. तिनं कीबोर्डची वायर ओढून काढली.

अक्षर थांबलं नाही.

तेव्हा तिला कळलं. दुखणं दंडातून जबड्यापर्यंत चढलं होतं आणि छातीवर कुणीतरी गुडघा रोवून बसल्यासारखं वाटत होतं. हे अक्षर मरणाच्या दारातल्या माणसासाठी धावतं. आजवर तो माणूस पडद्यापलीकडे असायचा, आता तो अलीकडे बसला होता. रुग्णवाहिका आली तरी खालचं दार उघडणार कोण; त्याची किल्ली ओस्कारीकडे होती आणि तो पाच मिनिटांवर होता. तिनं त्याचा नंबर लावला.

"इर्मेली! अगं, ये की इकडं!" मागं गाणी, ग्लासांचा किणकिणाट.

"ओस्कारी… पडद्यावर… एकच अक्षर… धावतंय…" तिला श्वास पुरेना. "लवकर…"

"काय? जोरात बोल! अक्षर धावतंय?" तो तिकडं तोंड वळवून ओरडला, "ऐका रे, इर्मेलीचं बटण अडकलंय! काय करायचं?"

आणि अख्खं टेबल एका सुरात ओरडलं, "नवा कीबोर्ड पाठव!"

हशा उसळला. फोन बंद झाला.

इर्मेलीनं पुन्हा नंबर लावायला हात उचलला. तो टेबलापर्यंत गेला, फोनपर्यंत पोचला नाही. समोर पान भरून वर सरकलं आणि नवी ओळ सुरू झाली. कीबोर्डची वायर अजून तिच्या मुठीतच होती.