पंखाच्या पोटातली चीर

बारा वाजता कामगार विल्फ गॅरिटीला पोलिसांच्या हवाली करायचं, आणि तीन वाजता सरकारी माणसापुढे विमान उडवायचं, हे कारखान्याचे मालक हॅडोसाहेबांनी ठरवूनच टाकलं होतं.

विमान शिकाऊ वैमानिकांसाठी होतं. इतरांची असली विमानं दुमजली पंखांची. हे एकाच पंखजोडीचं. आज सरकारला पटलं तर ठीक, नाहीतर कारखान्याला टाळं. आणि काल जेवणाच्या सुट्टीनंतर पाहतात तो डाव्या पंखाच्या खालच्या कापडाला चीर!

"परवा विल्फ दुसऱ्या कंपनीच्या माणसाबरोबर बिअर पीत होता," हॅडो म्हणाले. "आणखी काय हवं, मिसेस लॅथम?"

"बिअर पिणं गुन्हा असेल तर आधी माझ्या भाच्याला धरा."

भाचा हंफ्री ओशाळून हसला. त्याची ऑगस्टाआत्या, म्हणजेच मिसेस लॅथम, शाळेत जेमतेम चार बुकं शिकलेली, पण तिच्यापुढे भलेभले चोर चळचळा कापत.

आत्या पंखाखाली वाकली. चीर पंखातल्या लाकडी फळीला लागून, अगदी सरळ. तिनं हात आत घातला, जेमतेम गेला. हंफ्रीनं घातला, तो मनगटाशीच अडकला.

"ओढू नकोस, गाढवा! विमान बरोबर येईल!"

चिरेच्या टोकाला दोन टाके होते. बाकी सगळ्या शिवणीवर कापड ताठ करणारा लेप चढून चकाकत होता. हे दोन कोरडे.

"राहिले असतील," हंफ्री म्हणाला.

आत्यानं त्या टाक्यांवरून बोट फिरवलं.

विल्फ फावड्यासारखे पंजे चोळत आला. "मी कुंपणापाशी एकटाच जेवत होतो, बाईसाहेब. साक्षीला फक्त गाय."

"त्याआधी काही वेगळं दिसलं?"

"छे. परवा शिवणघरातल्या मिसेस प्रुएट दातानं दोरा तोडत होत्या, तेव्हा मी हसलो. एवढंच."

वैमानिक स्टॅनियर फटकळ निघाला. "एका पंखजोडीवर पोरं शिकणार? मरतील! पण मला नको असतं तर मी तोंडावर सांगितलं असतं. सांगितलंच आहे."

शिवणघरात मिसेस प्रुएट ताठ बसल्या होत्या. उकाडा असून अंगात कोट, डोक्यावर टोपी. कमरेच्या फितीला कात्री. तिच्या सांध्यात लाकडाचा भुसा.

"विल्फनं केलेलं नाही," त्या न विचारताच म्हणाल्या.

पावणेबाराला आत्यानं सगळ्यांना पंखापाशी बोलावलं.

"विल्फ, घाल हात."

बोटांपलीकडे हात जाईना.

"घातच करायचा तर कापड मधोमध टराटरा फाडलं असतं. इथं कुणी जपून, पुन्हा शिवता येईल असं कापलंय. शिवायला सुरुवातही केलीय. हे टाके कालचे, म्हणून त्यांवर लेप नाही. चोर घर फोडून भिंत लिंपत बसतो का? कुणाला तरी आतून काहीतरी काढायचं होतं. हात बारीक, टाका पक्का. आणि परवा जिच्याकडे कात्री नव्हती, तिच्या कात्रीत आज लाकडाचा भुसा. शिवणघरात भुसा कुठून आला, मिसेस प्रुएट?"

मिसेस प्रुएट पुढे आल्या. "पंख शिवताना कात्री आत राहिली. तिसऱ्या दिवशी उमगलं. ती विमान वळवायच्या तारेपाशीच पडली होती. उडताना तार अडकली असती तर..." त्यांनी स्टॅनियरकडे पाहिलं. "शिवून होण्याआधी सुट्टी संपल्याचा भोंगा झाला."

"मग सांगितलं का नाही?" हॅडो गरजले.

"गेल्या वर्षी सुई हरवली म्हणून तुम्ही मेबलला घरी बसवलंत. माझी तीन पोरं आहेत, साहेब. पण बाराच्या आत बोलणार होते."

"माहीत आहे," आत्या म्हणाली. "घरी जायच्या तयारीनं टोपी घालूनच बसली होतीस. काढ ती, नि चीर शीव. लेप वाळायला हवा. आणि हॅडोसाहेब, बाईला घरी बसवायचं की भिंतीला खिळे ठोकायचे? कात्रीगणिक एक खिळा. सगळ्या कात्र्या टांगल्याशिवाय पंख शिवून बंद करायचा नाही."

स्टॅनियरनं मुकाट्यानं मिसेस प्रुएटपुढे टोपी काढली. हॅडोंनी विल्फकडे न बघता हातोडी मागितली. विल्फनंच ती आणून दिली.

साडेतीनला विमान उतरलं. स्टॅनियर बाहेर येताच म्हणाला, "पोरं मरणार नाहीत. फार तर लाडावतील." सरकारी माणसानं होकाराची मान डोलावली.

परतताना हंफ्री कुरकुरला, "मला आधी सांगायचंस ना, आत्या."

"तुझा हात अडकला तेव्हाच विल्फ सुटला, बाळा. जन्मात पहिल्यांदा तुझ्या जाडीचा उपयोग झाला."