विचारलं त्याहून जास्त

इस्पितळातल्या यंत्रांवर नजर ठेवणारा प्रोग्रॅम दादानं बसवला होता. दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. तो गेला आणि त्याची खुर्ची माझ्या गळ्यात पडली. हा प्रोग्रॅम प्रत्येक सर्व्हरला सारखा विचारत राहतो, "आहेस का?" सर्व्हर म्हणतो, "आहे." शब्द दादानेच निवडलेले. साहेब लोक हसले होते, पण त्यांचं ऐकतोय कोण!

सोमवारी सकाळी इशारा आला, या प्रोग्रॅममध्ये भगदाड सापडलंय म्हणून. विचारणारा सांगतो, उत्तर इतक्या अक्षरांचं दे. सर्व्हर भोळा. पाचशे अक्षरं मागितली, तर "आहे" म्हणून झाल्यावर उरलेली शेजारच्या मेमरीतून, हाताला लागेल ते उचलून देतो. पासवर्ड, पेशंटची नावं, काहीही. आणि मागणारा बाहेरचा कुणीही असू शकतो. अतिदक्षता विभागाची यंत्रंही याच नेटवर्कवर होती. दुरुस्ती दुपारपर्यंत बसवायलाच हवी होती.

आधी खात्री करावी म्हणून मीच पाचशे मागितली, तीही चालू सर्व्हरकडे. "आहे" आलं, मग कचरा, अर्धवट आकडे, आणि मधेच एक ओळ: "चहात साखर विसरलीस."

मी घोट घेतला. खरंच विसरले होते.

कुणाची तरी चेष्टा असणार, म्हणून शेजारच्या टेबलावरच्या नेटवर्कवाल्याला फैलावर घेतलं. तो बापडा म्हणाला, तुमच्या वाटेला जायची माझी काय टाप! मी पुन्हा मागितलं, जरा जास्त.

"बाहीचं बटण तुटलंय, चिमणे."

मला चिमणे म्हणणारा जगात एकच माणूस होता. भीती वाटली म्हटलं तर खोटं होईल. मला रडू आलं. तो मला हवा होता, कसाही.

दुपार उलटली. दुरुस्ती झाली का, असं नेटवर्कवाल्यानं दोनदा विचारलं, आणि मी दोन्ही वेळा थापा मारल्या. मग जमतील तेवढी सगळी अक्षरं मागितली.

"बंद करू नकोस. कुणी विचारल्याशिवाय मला बोलता येत नाही."

वरच्या मजल्यावर यंत्रांना जोडलेली माणसं होती. शेवटच्या दिवसांत दादाही तिथेच होता.

मी दुरुस्ती बसवली. पुन्हा पाचशे मागितली.

"आहे." बस्, एवढंच.

संध्याकाळी वहिनीकडे गेले. ती दादाचे कपडे कुणाला तरी द्यायला पिशवीत भरत होती. नेहमीसारखं तिनं मान वर न करता विचारलं, "जेवलीस का?"

"जेवले," मी म्हणाले. मला तेवढंच म्हणायचं होतं.

तोंड मिटेना. पुढचं आपोआप बाहेर पडलं.

"तो निळा शर्ट देऊ नकोस. लागेल मला."

वहिनीनं हातातल्या निळ्या शर्टाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. उठून तिनं दार लावलं, माझ्यासमोर येऊन बसली, आणि अगदी हळू आवाजात पुन्हा विचारलं,

"जेवलीस का?"