दुपारचा फेरा

गल्लीच्या टोकाला दोन खुर्च्यांचं सलून होतं आणि ते चालवणाऱ्याला सगळे कंगवा म्हणायचे. कानावर कायम कंगवा खोचलेला, म्हणून. झोपताना तरी काढतात का, असं कोणी बायकोला विचारलं की ती म्हणायची, "मला काय विचारता, कुत्र्याला विचारा. त्याच्याच बाजूला झोपतात."

हात सोन्यासारखा, तोंड मात्र एरंडेल प्यायल्यासारखं. शेजारच्या खुर्चीवर धाकटा भाऊ कात्री चालवायचा. तो बोलघेवडा. गिऱ्हाईक गप्पा मारायला त्याच्याकडे बसायचं आणि केस नीट कापून हवे असले की कंगव्याकडे.

कुत्र्याचं नाव हवालदार. पिल्लू असताना ते आपणहून सलूनमध्ये शिरलं, कापून पडलेल्या केसांच्या ढिगावर चढलं आणि तिथंच गोल होऊन झोपलं. खुर्चीतलं गिऱ्हाईक म्हणालं, हाकला त्याला. कंगव्यानं गिऱ्हाइकालाच हाकललं, अर्धी दाढी तशीच ठेवून. तेव्हापासून तो कुत्रा म्हणजे कंगव्याचा जीव की प्राण. दुसऱ्या कोणी त्याच्यावर जीव लावलेला मात्र खपायचा नाही.

सकाळी दुकान उघडायच्या आधी आणि संध्याकाळी बंद केल्यावर तो हवालदारला मैदानाभोवती एक फेरा मारून आणायचा. साखळी मनगटाला गुंडाळलेली, चाल तरातरा. वाटेत कोणी कौतुकानं वाकलं की लगेच, "हात लावू नका."

"का हो?"

"माझा आहे म्हणून."

बेकरीवाली मावशी खिडकीतून बिस्किट पुढं करायची. हा कुत्र्याला ओढत पुढं न्यायचा. मावशी म्हणायची, "अहो, बिस्किट आहे, लग्नाची मागणी नाही घालत." तरी नाही.

पण घरी साखळी खुंटीवरून काढली की जे व्हायचं, त्याच्यासाठी तो दिवसभर उभा राहायचा. नुसता छुन्न आवाज झाला की हवालदारचं मागचं अर्धं अंग झुलायला लागायचं. चपला उडायच्या, बादली कलंडायची. दिवसभर दुसऱ्यांच्या डोक्यात हात घालून आलेल्या माणसाला कोणीतरी आपली इतकी वाट पाहिली, हे बघून बरं वाटायचं.

एका संध्याकाळी त्यानं साखळी काढली आणि हवालदारनं नुसता कान उचलला. शेपटी फरशीवर दोनदा आपटली आणि पुन्हा मान टेकली. जेवून ढेकर दिलेल्या माणसाला कोणी ताटावर बोलवावं, तसा.

कंगवा खाली बसला. कुत्र्याचे पंजे ओले होते. बोटांच्या बेचक्यात हिरवं शेवाळ. असलं शेवाळ फक्त तळ्याकाठी, आणि तळं मैदानाच्या कितीतरी पलीकडं. मिशांना भुगा लागलेला होता. त्यानं वास घेतला. बिस्किट.

बायको पाळणाघरात कामाला होती, संध्याकाळीच यायची. ती आल्या आल्या त्यानं विचारलं, "मधे घरी आली होतीस?"

"पोरं वाऱ्यावर टाकून?"

"मग याला फिरवलं कोणी?"

"तुमच्याशिवाय हात लावायची कोणाची टाप आहे?" ती म्हणाली आणि पदराला हात पुसत आत गेली.

दुसऱ्या दिवशी बेकरीसमोर हवालदार आपणच थांबला. खिडकीखालच्या पायरीवर पुढचा पाय ठेवून, रोजचं गिऱ्हाईक असल्यासारखा. मावशी वाकून म्हणाली, "आत्ता नाही रे राजा, दुपारी दिलंय ना." आणि कंगव्याकडं बघून इतकं गोड हसली, की त्याचे कान तापले.

तिथंच विचारायला हवं होतं, की दुपारी कोणाबरोबर आला होता. पण तसं विचारायचं म्हणजे आपला कुत्रा कोण फिरवतं हे आपल्याला ठाऊक नाही, असं चारचौघांत कबूल करायचं. आपली बायको कोणाबरोबर सिनेमाला जाते हे शेजाऱ्याला विचारावं, तसलं ते. तो घरी आला आणि कुलूप बदललं. नवी किल्ली एकच, ती त्याच्या खिशात.

त्या संध्याकाळी बायको जिन्याच्या पायरीवर पिशवी मांडीत घेऊन बसलेली सापडली. "वा," ती म्हणाली. "कुत्र्याला कुलूप आणि मला पायरी."

त्यानं दार उघडलं. हवालदार आतच होता. पंजे ओले.

मग मात्र त्याचं कामात लक्ष लागेना. खुर्चीतला पोस्टमन म्हणाला, "तुमचा हवालदार हल्ली मजेत असतो हो." कंगव्याचा वस्तरा जरा सरकला. पोस्टमननं आरशात कानाकडं पाहिलं आणि पुढचं बोलणं गिळून टाकलं. एकटा असला की कंगव्याच्या डोळ्यांसमोर एकच चित्र. कोणीतरी साखळी काढतंय, छुन्न होतंय आणि ते मागचं अर्धं अंग त्या कोणासाठी झुलतंय.

एका दुपारी त्यानं दाढ दुखते म्हणून धाकट्याला सांगितलं आणि घरासमोर उभ्या असलेल्या टेम्पोच्या आड जाऊन थांबला. दारावर कुलूप. ऊन तापलेलं, रस्ता सुना. दार काही उघडलं नाही. पण थोड्या वेळानं बेकरीच्या बाजूनं मावशीचं हसणं ऐकू आलं, म्हणून त्यानं मान वळवली, तर हवालदार रस्त्यानं चालला होता.

साखळी सैल. इतकी सैल, की मधे झोका घेत होती. शेपटी वर. आणि साखळीच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस, पाठमोरा, शीळ घालत.

कंगवा अंतर ठेवून मागं निघाला. त्या माणसाला घाई नव्हती. हवालदार खांबाशी थांबला की तोही थांबायचा. शाळेतून येणाऱ्या पोरी कुत्र्याभोवती गोळा झाल्या, तर हा साखळी पुढं करून बाजूला उभा. एक म्हातारा आपल्या थकलेल्या कुत्रीला घेऊन झाडाखाली बसला होता. हा त्याच्याशेजारी बसला, दोन्ही कुत्र्यांनी एकमेकांचे वास घेतले, म्हाताऱ्यानं काहीतरी सांगितलं आणि दोघं खदखदून हसले. इतक्या दिवसांत त्या म्हाताऱ्याशी कंगवा एक शब्द बोलला नव्हता.

तोंड काही दिसेना. पण न्हाव्याला तोंड लागत नाही. गिऱ्हाइकाचं तोंड आरशात असतं, मान हातात असते. त्यानं मान निरखली. डोक्यात दोन भोवरे. डावीकडं केस जरा खालपर्यंत उतरलेले. आणि उजव्या कानामागं कातरलेली रेघ किंचित वर गेलेली. ही खोड धाकट्याच्या हाताची, शंभर डोक्यांत ओळखू आली असती.

म्हणजे आपल्याच दुकानात येतो. आपल्या शेजारच्या खुर्चीत बसतो, उठतो आणि आपलाच कुत्रा घेऊन फिरतो.

तो धावला. तो माणूस तळ्याच्या वळणावर वळला. कंगवा पोचला तेव्हा वाट रिकामी होती, दोन्ही बाजूंना नुसतं गवत. तो तसाच घरी पळाला. दारावर कुलूप. किल्ली खिशातच. आत हवालदार लपालपा पाणी पीत होता आणि खुंटीवर साखळी हलकेच हलत होती.

संध्याकाळी धाकटा केस झाडत होता, तेव्हा कंगवा म्हणाला, "तुझं एक गिऱ्हाईक आहे. दोन भोवरे, डावीकडं केस खाली उतरलेले. कोण तो?"

धाकटा हसला. दादाचा चेहरा बघून थांबला. मग त्यानं त्याला खुर्चीत बसवलं आणि केस कापून झाल्यावर गिऱ्हाइकाला दाखवतात, तसा हातातला आरसा मानेमागं धरला.

"हा घे."

समोरच्या आरशात दोन भोवरे होते. डावीकडं उतरलेले केस होते.

"जन्मभर दुसऱ्यांच्या माना बघतोस, दादा. तुझी कोण बघतं? मीच की." धाकट्यानं आरसा खाली घेतला. "आणि दाढदुखीचं नाटक कशाला? दुपारी बघितलं मी तुला, इथूनच गेलास हवालदारला घेऊन. खरं सांगू? बरं वाटलं. तू हात केलास मला."

"मी?"

"हसून."

चोर असता तर चार लोक बोलावून धरला असता. परका असता तर बुकलून काढला असता. याचं काय करायचं? आणि भीतीपेक्षा कंगव्याला भलतंच काहीतरी डाचत होतं. त्याच्यात असं काय आहे, जे माझ्यात नाही?

दुसऱ्या दिवशी दुपारी कंगवा त्या दुसऱ्याच्या आधी घरी पोचला. कुलूप काढलं, साखळी घेतली. हवालदार उठला. बोलावलंय तर जावं, तसा उठला.

कंगव्यानं साखळी सैल सोडली. त्याला ते जमेना. सारखी मुठीत गोळा व्हायची. बेकरीशी तो आपणहून थांबला आणि मावशीकडं बघून हसला. मावशीचा बिस्किटाचा हात अर्ध्यावर राहिला.

"बरं नाही का वाटत?" तिनं विचारलं.

झाडाखाली म्हाताऱ्याची कुत्री त्याच्या पायाशी आली, वास घेतला आणि म्हाताऱ्याच्या मागं जाऊन बसली. म्हातारा म्हणाला, "असं कधी करत नाही ती तुमच्याशी."

तळ्याकाठी हवालदार बसला. त्याच्याकडं पाठ करून, आलेल्या वाटेकडं बघत.

"मी आहे ना इथं," कंगवा म्हणाला.

हवालदारनं मागं वळून पाहिलं. पुन्हा वाटेकडं तोंड केलं.

"केसांत झोपायचास तू. आठवतं का? कोणी उचलला तुला?"

मग हवालदारचे कान उभे राहिले. वाटेवर कोणी नव्हतं. पण त्याचं मागचं अर्धं अंग झुलायला लागलं, किती दिवसांनी, तसंच, अगदी तसंच. साखळी ताणली गेली. कंगव्यानं ती मनगटाला गुंडाळली. साखळी मनगटात रुतली, पट्टा कुत्र्याच्या गळ्यात.

कुत्रा ओरडला नाही. त्यानं नुसतं बघितलं.

"मग जा," कंगवा म्हणाला. "त्याचाच हो." आणि पट्ट्यातून कडी सोडली.

हवालदार वळणाआड दिसेनासा झाला. पलीकडून शीळ आली. पाठोपाठ तो आनंदानं भुंकला, एकदाच.

कंगवा ऊन उतरेपर्यंत तिथंच बसला. मग रिकामी साखळी घेऊन घरी आला.

दाराला कुलूप नव्हतं. आत दिवा होता, कपबशांचा आवाज होता. त्यानं खिसा चाचपला. किल्ली नव्हती. त्यानं बेल वाजवली.

बायकोनं दार उघडलं. गालावर हसू होतं, आतल्या कुठल्यातरी बोलण्यावरचं. त्याला बघून तिनं पदर सारखा केला.

"बोला?"

तो एक पाऊल पुढं आला.

"सलून सकाळी उघडतं, भाऊ. हे आत्ताच फिरून आलेत, चहा घेतायत."

तिच्या पायांमधून हवालदार बाहेर आला. पंजे ओले होते. तो उंबऱ्यावर थांबला आणि त्याच्याकडं बघत राहिला. कंगव्यानं हात पुढं केला. हात अर्ध्यावरच थांबला.

बायकोनं ते पाहिलं. तिनं वाकून हवालदारचा पट्टा धरला, त्याला हळूच मागं घेतला.

"घाबरू नका," ती म्हणाली. "चावत नाही तो."